रिकाम्या फायली

३ फेब्रुवारी, सोमवार

सव्वीस वर्षं कोर्टात टंकलेखन केलं आणि एक्कावन्नाव्या वर्षी पुन्हा नवशिकी झाले. आजपासून ब्रेलच्या छापखान्यात रुजू. अंध मुलांची पुस्तकं इथे छापतात. जाड कागद, त्यावर उठवलेले ठिपके, शाईचा पत्ताच नाही. पांढऱ्यावर पांढरं. पहिल्या पानाकडे मी पाचेक मिनिटं नुसती बघत राहिले आणि मला वाटलं, यंत्र बिघडलंय.

छापखान्याच्या मॅडम बोलायला गोड, पण घड्याळाच्या पक्क्या. खोलीत माझ्याखेरीज एकच माणूस. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, कारण आधी ते अंधशाळेत शिकवायचे. जन्मापासून दिसत नाही. मुलांसाठी चौदा खंडांचा शब्दकोश तयार होतोय आणि त्याची प्रुफं ते एकटे तपासतात, दहा महिने झाले. शाळेतला जुना कोश वापरून वापरून इतका झिजलाय की ठिपके बोटाला लागत नाहीत म्हणे. नवा जूनमध्ये शाळेत पोचायलाच हवा.

मास्तरांच्या संगणकातून एक बाई सतत बोलत असते. पडद्यावरचं सगळं ती वाचून दाखवते, तेही इतक्या वेगानं की मला एक शब्द कळेना. मास्तरांनी तिचं नाव आत्याबाई ठेवलंय. म्हणाले, "आमच्या आत्यासारखी आहे. विचारलेलं सांगते आणि न विचारलेलंही सांगते."

या वहीची शेवटची पानं संगणकाच्या आज्ञांसाठी राखून ठेवली आहेत. धाकटी बहीण त्यातलीच, ती फोनवर सांगेल तशा उतरवून घेईन. पुढची पानं मनाला येईल ते लिहायला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

इथे चित्रांवर टिचक्या मारायची सोय नाही. काळा पडदा, त्यावर आज्ञा टाइप करायची. मास्तरांना तेच सोयीचं, चित्रं त्यांना काय कामाची? मी सुरुवातीला नाक मुरडलं, पण टाइप करण्यात माझा हात कोण धरणार!

आज मास्तरांनी फाईल पुसायला शिकवलं. आर-एम, मग फाईलचं नाव, की संपलं.

"इथे केराची टोपली नाही," ते म्हणाले. "टाकलं आणि मग उचलून आणलं, असं चालत नाही. गेलं ते गेलं. म्हणून माझा नियम ऐक. पुसायचं तर एकेक. पूर्ण नाव टाइप करायचं, तोंडानं उच्चारायचं, मग बटण दाबायचं."

"आणि शंभर असल्या तर?"

"तर शंभर वेळा. घाऊक पुसणं माणसानं करू नये."

मी मनात म्हटलं, शाळामास्तर तो शाळामास्तरच. जेवणाच्या सुट्टीत मी दोन्ही कपाटं आवरली, टेबलं पुसली, दोऱ्यांची गुंतवळ सोडवली. मास्तर आले, हात फिरवून त्यांनी खुर्ची शोधली आणि म्हणाले, "ही केरसुणी कुठून आणली मॅडमनी? माझी खुर्ची वीतभर सरकली." तेव्हापासून मी केरसुणी.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ठिपके उठवणारं यंत्र अडकलं की माझ्या फोल्डरात रिकाम्या फायली टाकून ठेवतं. नावं नुसते आकडे, आकार शून्य. दोन आठवड्यांत दोनशे झाल्या. मास्तरांच्या पद्धतीनं एकेक पुसत बसले तर जूनच उजाडायचा. धाकटीला फोन केला. तिनं एका ओळीची आज्ञा दिली: शून्य आकाराचं जे जे सापडेल ते पुसून टाक. वहीच्या मागच्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवली. मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "तुझं अंगण तू झाड."

झाडलं. पापणी लवायच्या आत दोनशे फायली गेल्या. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! घर आवरून झाल्यावर दारात उभं राहून बघावं तसं.

धाकटी फोनवर म्हणाली, "जपून गं ताई. तुझा हात सुटला की सुटतो." हा टोमणा आईच्या डब्यांवरून. आई गेल्यावर तिचं स्वयंपाकघर मी एका दिवसात आवरलं, त्यात चाळीसेक जुने डबे भंगारात दिले. रिकामे डबे! झाकणांवर आईनं चिठ्ठ्या चिकटवलेल्या, गंज चढलेला. त्याला चार वर्षं झाली, तरी हिचं तोंड फुगलेलंच. मला अजून कळलेलं नाही की रिकाम्या डब्याचं एवढं काय.

१ मार्च, शनिवार

दर शनिवारी सगळ्या कामाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची, हे आता माझ्याकडे आलं. पहिल्यांदा फार वेळ लागला. धाकटीच्या मदतीनं एक सुधारणा केली, रिकाम्या फायली वगळायच्या. हवेची प्रत कशाला घ्यायची? जुन्या प्रतीतल्या रिकाम्या फायलीही त्याचबरोबर काढून टाकल्या. काम झटक्यात होतं आता. मास्तरांनी विचारलं, "प्रत घेतेस ना नीट?" मी म्हटलं, "डोळे मिटून विश्वास ठेवा." ते म्हणाले, "माझे मिटलेलेच असतात." दोघंही हसलो.

कोशाच्या दुरुस्त्या शेवटी मी फायलींत भरायच्या आहेत. मी विचारलं, दुरुस्त्यांची यादी कुठे आहे? तर म्हणाले, "आत्याबाईला तोंडपाठ आहे. चौदावा खंड झाला की एकदम देईन." गूढ बोलायची सवयच आहे त्यांना.

एक लिहायचं राहिलं. कालचा चहा इतका कढत होता की मी पेला रुमालात धरला. मास्तरांनी सरळ बोटांनी धरला आणि निवांत गप्पा मारत बसले. आज बघते तर तर्जनीला हा एवढा फोड. मी म्हटलं, कळलं नाही का हो? तर हात मागे घेतला आणि म्हणाले, "बोलण्याच्या नादात." कामाच्या माणसाची कातडीच निबर असते.

११ मार्च, मंगळवार

मीही ठिपके वाचायला शिकतेय. बोटांनी नाही, डोळ्यांनी. दिवा आडवा धरला की ठिपक्यांच्या सावल्या पडतात, मग अक्षर लागतं. एका ओळीला चार मिनिटं. मास्तर मूळ मजकूर आत्याबाईकडून कानात ऐकतात आणि त्याच वेळी बोट कागदावर धावत असतं. जुळलं नाही की थांबतात, डाव्या हातानं काहीतरी खटखट टाइप करतात आणि पुढे जातात. मी विचारलं, आत्याबाईच वाचून दाखवते तर बोट कशाला हवं? म्हणाले, "ती चुकलेलं अक्षरही बरोबर असल्यासारखं वाचते. दाक्षिण्य फार. कान फसतो, बोट फसत नाही."

पण हल्ली त्यांचा वेग मंदावलाय. तेच पान तीनतीनदा. मॅडमनी दोनदा हटकलं. वय झालं, दुसरं काय.

आज दुपारच्या सुट्टीत चष्मा विसरले म्हणून परत आले, तर खोलीत मास्तर एकटेच. बाराव्या खंडाचं पान दोन्ही हातांत धरून त्यांनी ओठांना लावलं होतं आणि हलकेच डावीकडून उजवीकडे सरकवत होते. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. आपल्या कामावर एवढी माया असलेला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. पाऊल न वाजवता मागे फिरले.

२५ मार्च, मंगळवार

मास्तर कालपासून रजेवर. बुटात खिळा वर आला होता, तो दिवसभर पायात रुतत राहिला आणि यांना घरी जाऊन मोजा काढेपर्यंत पत्ता नाही. कामात असे गढतात! जखम चिघळलीय, दोनतीन दिवस दवाखान्यात ठेवणार. बारा खंड त्यांनी संपवलेत, शेवटचे दोन उरले.

ते यायच्या आत त्यांना चकित करायचं ठरवलं. त्यांचा कोशाचा फोल्डर उघडला आणि बघतच राहिले. आत्याबाई दिवसभर का बडबडते ते कळलं. खंडाखंडात रिकाम्या फायलींचा नुसता खच. ११२-७-ग. ११२-१९-क. ११३-२-उ. सगळ्यांचा आकार शून्य. यंत्राचा तोच कचरा, इथवर पसरलेला. बिचारे रोज हे सगळं ऐकतात, तेव्हा कुठे कामाची फाईल सापडते. वेग मंदावणार नाही तर काय?

आधी मोजल्या. तीन हजार आठशे सेहेचाळीस. मग वहीचं मागचं पान उघडून लाल शाईची ओळ जशीच्या तशी उतरवली. संपलं. फोल्डर आरशासारखा लख्ख. फक्त चौदा खंडांची पानं, ओळीनं.

मास्तरांना केरसुणी काय चीज आहे ते कळेल आता.

२८ मार्च, शुक्रवार

आज झालं ते सगळं लिहून ठेवते.

मास्तर सकाळी काठी टेकत आले. पायाला बँडेज. मी म्हटलं, "तुमच्यासाठी एक गंमत आहे." ते बसले, फोल्डरची यादी मागितली. आत्याबाईनं "खंड एक, खंड दोन" करत चौदापर्यंत म्हटलं आणि गप्प झाली. त्यांनी तिसऱ्या खंडात शिरून पुन्हा यादी मागितली. तिनं पानांची नावं वाचली आणि पुन्हा गप्प. तपासून झालेल्या सगळ्या खंडांत त्यांनी तेच केलं. बारा वेळा. मी शेजारी हसतमुखानं उभी.

"केरसुणी," ते म्हणाले, "इथे कुणी बसलं होतं का?"

"मीच. रिकाम्या फायली काढल्या सगळ्या. आत काही नव्हतं मास्तर, एकीतही नव्हतं."

"आत नव्हतंच. नावातच सगळं होतं."

मग त्यांनी सांगितलं. पहिला आकडा पान, दुसरा ओळ, शेवटचं अक्षर म्हणजे चूक कोणत्या प्रकारची. क म्हणजे अक्षर चुकलं, ग म्हणजे शब्द गळला, उ म्हणजे अर्थ उलटा झाला. फाईल उघडा, ऐका, बंद करा, यात न पाहणाऱ्याचा फार वेळ जातो. नाव मात्र यादी मागितली की नुसतं कानावर पडतं. म्हणून ते चुकीगणिक एक रिकामी फाईल करायचे आणि नावातच टिपण ठेवायचे. हीच यादी. हीच आत्याबाईला तोंडपाठ होती.

"हरकत नाही," ते म्हणाले. आवाज अगदी शांत. "शनिवारची प्रत आहे ना? तू घेतेस ना?"

मी काय सांगितलं, कसं सांगितलं, आठवत नाही. मग ते म्हणाले, "मीच सांगायला हवं होतं तुला." आणि काठी घेऊन बाहेर पडले. दाराच्या चौकटीवर त्यांचा खांदा आपटला. इतक्या दिवसांत तो कधी आपटलेला मी पाहिला नव्हता.

३० मार्च, रविवार

धाकटी सकाळच्या गाडीनं आली आणि छापखाना उघडून घेऊन दिवसभर संगणकासमोर बसली. मी तिच्या मागे उभी.

"पुसलेल्या फाईलचा मजकूर डिस्कवर पडून असतो ताई, तो हुडकता येतो," ती म्हणाली. "यांत मजकूरच नव्हता. हुडकायचं काय?"

"आणि नावं?"

"नावं त्या फोल्डरात नोंदलेली असतात. त्याच जागेवर तीन दिवस तू नव्या फायली केल्यास."

संध्याकाळपर्यंत एकतीस नावं निघाली. पण कोणत्या खंडातली ते कळेना, आणि प्रत्येक खंडात पानांचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. उपयोग शून्य. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई मला लहानपणी म्हणायची. आज असती तर तोंडावर म्हणाली असती.

गाडीत बसताना धाकटी म्हणाली, "आईच्या डब्यांसारखंच झालं बघ." आता हा विषय तिनं का काढावा? आधीच मेलेलीला आणखी मारायचं.

३ एप्रिल, गुरुवार

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "चौदा जूनला छपाई. पुढे ढकलता येणार नाही, मुलं वाट बघताहेत. मास्तर, पुन्हा सुरू करा. यांना तुमच्या मदतीला देते. होईल तेवढं होईल."

मास्तर म्हणाले, "माझ्याच्यानं नाही होणार."

"अहो, एकदा वाचलेलंच तर वाचायचंय."

"म्हणूनच," ते म्हणाले. बस्स. कारण सांगेनात. शेवटी मॅडमच्या आग्रहाखातर बसले. मी चूक केली, कबूल, शंभरदा कबूल. पण एवढं ताणून धरायचं? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ते यांनाच बघून कुणी म्हटलं असेल.

११ एप्रिल, शुक्रवार

आठवडाभर मास्तर पानामागून पान "बरोबर आहे" म्हणून बाजूला ठेवताहेत. आधी पानात दोनतीन चुका काढणारा माणूस आणि आता दिवसात एकही नाही. मला शंका आली. त्यांनी सोडलेलं एक पान मी दिव्याखाली आडवं धरलं. बाराव्या ओळीत उजेड या शब्दाचा अर्थ ‘अंधार’ एवढाच. पुढचा ‘नसणं’ गळलेला.

माझं टाळकं सरकलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, "मास्तर, राग माझ्यावर आहे ना? मग माझ्यावर काढा. मुलांच्या पुस्तकात मुद्दाम चुका सोडून कुणाचा सूड घेताय?"

ते दचकले. "दे ते पान." मी दिलं. त्यांनी बाराव्या ओळीवर बोट दाबलं, नख पांढरं पडेपर्यंत दाबलं. मग दुसरं बोट. मग दुसऱ्या हाताचं.

"असेल चूक," ते म्हणाले. "मला नाही सापडली."

"नाही सापडली की नाही शोधली?"

पान माझ्या दिशेनं धरलं, मी घेतलं तरी त्यांनी बोटांची पकड सैल केली नाही, जणू पान सुटल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. मग उठून घरी गेले. मी बरोबर होते, तरी संध्याकाळभर जेवणावर वासना नव्हती.

१४ एप्रिल, सोमवार

आज मास्तरांच्या बायको आल्या होत्या. कपडे शिवतात, मोजमापाची फीत गळ्यातच होती. मास्तरांचं खुर्चीतलं उशीचं आसन न्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, ते आता येणार नाहीत.

मी तोऱ्यातच म्हटलं, "एवढा राग बरा नव्हे."

त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या आणि मलाही बसवलं. "तुम्हाला त्यांनी सांगितलं नाही ना? कुणालाच सांगितलेलं नाही. साखरेच्या आजारानं आधी तळपाय बधिर झाले, मग बोटं. दीड वर्ष झालं. उजव्या तर्जनीत तेवढी थोडी जान होती, ती सगळी या कोशाला पुरवली. शेवटी शेवटी ओठांनी वाचायचे. ओठाला अजून कळतं म्हणायचे, पण सोलवटून निघायचे हो. रात्री मी तूप लावायची. मला म्हणायचे, दोनच खंड राहिले, एवढे होऊ देत, मग बोटं गेली तरी चालतील."

मी त्यांच्या गळ्यातल्या फितीकडे बघत बसले.

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. कढत पेला. फोड. तीनतीनदा तेच पान. ओठ. खिळा. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. मला दिसत होतं म्हणे!

१५ एप्रिल, मंगळवार

मास्तरांच्या घरी गेले. दारातूनच बोलायला सुरुवात केली आणि बोलता येईना.

"रडू नकोस," ते म्हणाले, "मला ऐकू येतं."

मी शुक्रवारच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "चूक तर होतीच ना त्या ओळीत? मग तू बरोबर होतीस." असं बरोबर असणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

जरा वेळानं त्यांनी विचारलं, "ठिपके डोळ्यांनी वाचतेस म्हणे?"

"वाचते. गोगलगाईसारखी."

"आत्याबाईसारखं दाक्षिण्य नको. जे छापलंय तेच, अक्षर न् अक्षर म्हणायचं. मूळ कोश माझ्या डोक्यात आहे. कान शाबूत आहेत अजून."

१० मे, शनिवार

मी त्यांच्या घरी पानं घेऊन जाते. आतल्या खोलीत शिवणयंत्र चालू, बाहेर मी दिवा आडवा धरून अक्षरं म्हणते. ते डोळे मिटून ऐकतात आणि मध्येच बोट वर करतात: चूक. रोज चौदा पानं, फार तर सोळा. डोळ्यांतून पाणी गळतं. त्यांनी एका दिवसात चाळीस वाचलेली.

कधीकधी मी ओळ म्हणायच्या आधीच ते म्हणतात, "थांब, इथे काहीतरी होतं." आठवत मात्र नाही काय होतं ते. अशा वेळी मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

धाकटीला फोन केला. विचारलं, आईच्या डब्यांवर काय लिहिलं होतं गं? ती एकेक सांगत गेली. ‘मुंग्या लागतात, पाण्यात ठेवणे.’ ‘धाकटी आली की काढायचा.’ ‘थोरलीला देऊ नये, खोकला होतो.’ चाळीसपैकी सत्तावीस चिठ्ठ्या तिला आठवत होत्या. मी वहीत उतरवून घेतल्या. झाकणं मी स्वतःच्या हातानं मोजून भंगारवाल्याला दिली होती, आणि एकही चिठ्ठी वाचली नव्हती.

१४ जून, शनिवार

छपाई सुरू. सहा खंड पूर्ण तपासलेले. सात ते चौदा जसे होते तसे, चुकांसकट. मॅडमनी प्रत्येक खंडाच्या पहिल्या पानावर एक ओळ टाकली: चूक सापडल्यास कळवावे. यंत्राचा खडखडाट चालू होता आणि मी कानांत बोटं घालून उभी होते.

२८ जून, शनिवार

मास्तरांना निरोप. शाळेची मुलं आली होती, चौदा खंड टेबलावर मांडलेले. मॅडमनी पहिला खंड त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उघडला, वर उचलला आणि पान ओठांना लावलं. अगदी हळू, डावीकडून उजवीकडे.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी डोळे पुसले. म्हणाल्या, "केवढं प्रेम बघा." मला ठाऊक होतं, ते वाचत होते.

खाली बसताना माझ्या बाजूला झुकून म्हणाले, "पान एक, ओळ चार. दुरुस्ती नीट बसलीय."

१५ नोव्हेंबर, शनिवार

बऱ्याच महिन्यांनी वही उघडली.

मुलांची पत्रं येतात, ब्रेलमध्ये. खंड अमुक, पान तमुक, इथे शब्द लागत नाही. प्रत्येक चुकीची मी एक रिकामी फाईल करते, मास्तरांच्याच पद्धतीनं, नावात खंडाचाही आकडा घालून. आजवर दोनशे सहा झाल्या. दुरुस्तीचं पान छापून शाळेला पाठवलं की ती फाईल पुसते. एकेक, पूर्ण नाव टाइप करून, तोंडानं उच्चारून.

शनिवारी दुपारी मास्तरांचा फोन येतो. "आत्याबाईला बोलू दे," म्हणतात. मी फोन तिच्याजवळ धरते आणि यादी मागते. ती एकेक नाव घेते आणि ते म्हणतात, "ही सापडली होती." पुढचं नाव. "हीही सापडली होती." तेराव्या-चौदाव्या खंडातली असली तर नुसतं "हं". ते कुणाला बोल लावत नाहीत. मी मात्र दर शनिवारी ते ऐकते, ऐकायलाच हवं म्हणून.

आज आत्याबाई म्हणाली, "नऊ, अठ्ठ्याऐंशी, एकवीस, ग." पलीकडून काहीच आलं नाही. मला वाटलं फोन तुटला. मग मास्तर हसले, अगदी मोकळं हसले.

"ही नव्हती सापडली मला. सुटली होती. कुणी काढली?"

"दहा वर्षांची मुलगी आहे."

"तिला लिही. म्हणावं, मास्तरांना सुटलेली तू धरलीस. तीक्ष्ण बोट आहे, जपून ठेव म्हणावं."

मी पाटी आणि टोचणी घेऊन, हातानं एकेक ठिपका टोचत तिला पत्र लिहिलं. दुरुस्तीचं पान पाकिटात घातलं. मग फाईल पुसायला बसले, नाव टाइप केलं, मोठ्यानं उच्चारलं, आणि हात थांबला.

बारा खंडांतली ही एकच चूक अशी, जी माझ्यामुळे राहिलेली नाही. पण खरंच सुटली होती, की मला जरा बरं वाटावं म्हणून मास्तर तसं म्हणाले? हसणं तर खरं वाटलं. विचारलं तर सांगणार नाहीत, तसा तो माणूस नाही. मी पुसलेल्या त्या यादीत बघता आलं असतं तर एका क्षणात कळलं असतं.

ती फाईल मी ठेवली आहे.